केमोचा दुसरा डोस तीन दिवसांवर आणि पाठोपाठ गौरी-गणपती : सासूबाईंच्या त्रासाबद्दल काही प्रश्न

शेवंती (ऐरोली)

नमस्कार. माझ्या सासूबाईंचे वय ६१ आहे. जून महिन्यात त्यांना डाव्या स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. गाठ मोठी आहे आणि आजार काखेतील ग्रंथींपर्यंत पोचला आहे, म्हणून शस्त्रक्रियेच्या आधीच केमोथेरपी द्यायची असे डॉक्टरांनी ठरवले. पहिले चार डोस दर २१ दिवसांनी आहेत, त्यांत ते लाल रंगाचे औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन आणि सोबत सायक्लोफॉस्फामाइड आहे. त्यानंतर १२ आठवडे दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल द्यायचे आहे. पहिला डोस होऊन आज १८ दिवस झाले.

पहिले दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवसापासून सहाव्या दिवसापर्यंत त्यांना इतकी मळमळ होती की फोडणीचा वास आला तरी त्या उठून गॅलरीत जात. उलटीच्या गोळ्या घरात होत्या, पण त्या आम्ही उलटी झाल्यावरच देत होतो. त्यांतली ओलान्झापिन नावाची एक गोळी मानसिक आजाराची असल्याचे यजमानांनी कुठेतरी वाचले, आणि ते कानावर पडताच सासूबाईंनी ती घ्यायला साफ नकार दिला. आठव्या दिवशी तोंड आले. नवव्या दिवशी रात्री अंग कोमट लागत होते, म्हणून मी पॅरासिटामॉल दिली, पण ताप मोजला नाही. सकाळी त्यांना बरे वाटले. बद्धकोष्ठतेचा त्रास अजून आहे. त्यांना मधुमेह आहे, आणि डोसच्या दुसऱ्या दिवशी जेवणानंतरची साखर २८० झाली होती. परवापासून उशीवर केस दिसू लागले आहेत.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. पाचव्या दिवशी रुग्णालयातून चौकशीचा फोन आला, तेव्हा त्यांनी "सगळे व्यवस्थित आहे" एवढेच सांगितले आणि फोन ठेवला. मी विचारले, तर म्हणाल्या, "आजारपण म्हटले की सोसावे लागतेच, आणि तक्रार केली तर औषध कमी करतील, मग आजार कसा जाईल?" यावर मला उत्तर देता आले नाही.

त्यात दुसऱ्या डोसनंतरचा आठवा दिवस गौरी आवाहनाचा आहे. आमच्या गौरी तेरड्याच्या असतात. लग्न होऊन आल्यापासून एकाही वर्षी सासूबाईंचा हात त्यांना लागला नाही असे झालेले नाही. त्या दोन-तीन दिवसांत घरात चाळीस-पन्नास माणसे तरी येऊन जातात. त्यांना थांबवावे, तर मनाने खचतील. आणि थांबवले नाही, तर काय होईल याची मला भीती वाटते. ज्यांनी हे दिवस स्वतः काढले आहेत किंवा घरी पाहिले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

परिचारिका, आता निवृत्त (नेरूळ)

शेवंतीताई, माझ्या नोकरीची शेवटची बरीच वर्षे केमोच्या डे-केअर विभागात गेली. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांचे निर्णय तुमच्या डॉक्टरांनीच घ्यायचे आहेत. परंतु त्यांच्याकडे जाताना काय घेऊन जायचे आणि काय विचारायचे, हे मी नक्की सांगू शकते.

सर्वांत आधी त्या नवव्या दिवसाच्या रात्रीबद्दल लिहिते, कारण तुम्ही ती एका वाक्यात संपवली आहे आणि मला मात्र तीच सर्वांत महत्त्वाची वाटते. या औषधांनंतर रक्तातील पांढऱ्या पेशी साधारणपणे सातव्या ते चौदाव्या दिवसांत सर्वांत खाली जातात. त्या काळात शरीराकडे जंतुसंसर्गाशी लढायला फारसे काही नसते. पू होत नाही, सूज येत नाही, कधी खोकलाही येत नाही, आणि संसर्ग झाल्याची खूण म्हणून एकटा ताप तेवढा दिसतो. पॅरासिटामॉल दिली की ती एकमेव खूणही पुसली जाते. म्हणून अंग गरम लागले की आधी थर्मामीटर लावायचा, आकडा आणि वेळ लिहून ठेवायची, आणि १००.४ फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त असेल, तर कोणतीही गोळी न देता रुग्णालयात फोन करून तडक निघायचे, मग रात्रीचे दोन वाजलेले का असेनात. ताप नसताना नुसती हुडहुडी भरली, तरीही फोन करायचा. पांढऱ्या पेशी कमी असताना आलेल्या तापात पहिले प्रतिजैविक शक्यतो तासाभरात शिरेतून सुरू व्हावे, असा दंडक आहे. तुमच्या सासूबाई त्या रात्री सुखरूप राहिल्या याचा मला मनापासून आनंद आहे, परंतु ही गोष्ट पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगितल्यावाचून राहू नका. पहिल्या डोसमध्ये ताप आला होता हे कळले, तर दुसऱ्या डोसच्या वेळी ते अधिक सावध राहतील.

आता मळमळीबद्दल. या दोन औषधांची जोडी सर्वाधिक उलट्या करणाऱ्या औषधांमध्ये मोडते, म्हणून तिच्यासोबत एकाच वेळी तीन-चार प्रकारची औषधे देतात : ओन्डान्सेट्रॉनच्या जातीचे एक, ॲप्रेपिटंटच्या तीन दिवसांच्या कॅप्सूल, डेक्सामेथासोन नावाचे स्टेरॉइड आणि ओलान्झापिन. दुसऱ्या ते पाचव्या दिवसांत येणारी मळमळ उशिराची असते, आणि ती सुरू झाल्यावर आवरणे फार कठीण जाते. म्हणून लिहून दिलेल्या गोळ्या उलटीची वाट न पाहता ठरलेल्या वेळी द्यायच्या असतात. ओलान्झापिन मानसिक आजारात वापरतात हे खरे आहे, परंतु मेंदूतील ज्या संदेशांमुळे मळमळ होते त्यांनाही ते अडवते, आणि त्याच कारणासाठी जगभर केमोच्या रुग्णांना देतात. दिवसा झापड येणे हा त्याचा मोठा त्रास आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलमधील डॉक्टरांनी याच प्रश्नावर अभ्यास केला आणि तो २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला : नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅम दिले, तरी उलट्या तितक्याच आवरल्या आणि झापड कमी झाली. "कमी मात्रा चालेल का आणि ती रात्री देता येईल का", एवढे विचारा. सासूबाईंना हे सगळे डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या; घरच्यांनी सांगितलेले अशा वेळी पटत नाही, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

साखर २८० होण्यामागे बहुधा ते स्टेरॉइड आहे, आणि ओलान्झापिननेही साखर थोडी वाढू शकते. त्यासाठी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नका. मधुमेहाचे डॉक्टर आणि कर्करोगाचे डॉक्टर यांना एकमेकांनी लिहून दिलेली औषधे दाखवा, म्हणजे ते त्या तीन-चार दिवसांपुरती साखरेची औषधे बदलून देतील. बद्धकोष्ठताही पुष्कळदा ओन्डान्सेट्रॉनमुळे होते. त्यासाठी डोसच्या दिवसापासूनच सौम्य रेचक मागून घ्या. पेशी कमी असण्याच्या दिवसांत एनिमा किंवा गुदद्वारातून घालायची औषधे मात्र टाळायची असतात.

तोंडासाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक छोटा चमचा खाण्याचा सोडा आणि अर्धा चमचा मीठ घालून दर तीन-चार तासांनी चूळ भरू द्या, आणि हे तोंड येण्याच्या आधीपासून, म्हणजे डोसच्या दिवसापासूनच सुरू करा. दातांचा ब्रश लहान मुलांचा, मऊ घ्या. बाजारात मिळणाऱ्या माउथवॉशपैकी ज्यांत अल्कोहोल असते, ते झोंबतात आणि तोंड अधिक कोरडे करतात. गिळतानाही दुखत असेल, तर तोंड बधिर करणारे औषध लिहून मिळते. उपाशी राहण्याचे कारण नाही. कवळी असेल, तर रात्री काढून ठेवावी.

आणि सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तर. तक्रार केली म्हणजे औषध कमी करतात, असे नाही. पहिल्यांदा त्रासावरचे औषध वाढवतात. न सांगता अंगावर काढलेला त्रासच शेवटी डोस लांबवायला किंवा कमी करायला लावतो. एक उदाहरण त्यांना आवर्जून सांगा. ते लाल औषध शिरेबाहेर झिरपले, तर आजूबाजूची त्वचा आणि मांस जाळते. सुई लावलेल्या जागी जराशी आग किंवा टोचणी वाटली, तरी त्या क्षणी परिचारिकेला हाक मारायची असते. "थोडेसेच तर दुखते आहे" म्हणून गप्प बसलेल्या एका बाईंच्या हाताची जखम भरायला कित्येक महिने गेले. मी त्यांचे ड्रेसिंग केले आहे. ही सोशिकता मोठी गुणाची, परंतु केमोच्या खुर्चीत तिचा उपयोग नाही. लघवी दिवसभर लालसर होते, तिला घाबरू नका, तो औषधाचा रंग असतो. दोन दिवसांनंतरही लाली राहिली किंवा जळजळ झाली, तर मात्र सांगा, कारण सायक्लोफॉस्फामाइडने मूत्राशयाला इजा होऊ शकते. त्यासाठीच भरपूर पाणी पिऊन वरचेवर लघवीला जायला सांगतात.

गौरींबद्दल माझे मत असे आहे की गौरी बसवा, सासूबाईंना त्यांच्यासमोर बसू द्या, परंतु कामाची वाटणी बदला. तेरडा उपटून आणणे, त्याची माती धुणे, पत्री आणि निर्माल्य हाताळणे ही कामे त्यांनी या वर्षी करू नयेत, कारण मातीत आणि कुजलेल्या पानांत बुरशी असते. पंचामृत आणि तीर्थ त्यांनी घेऊ नये, कारण त्यात बहुधा न तापवलेले दूध असते आणि ते अनेक हातांतून जाते. बाहेरून आलेला, तासन्‌तास उघडा राहिलेला प्रसाद कपाळाला लावून बाजूला ठेवावा. घरी त्यांच्यासमोर केलेली गरम पुरणपोळी साखर सांभाळून अर्धी खायला हरकत नाही. भेटायला येणाऱ्यांना वेळ वाटून द्या, खिडक्या उघड्या ठेवा, हात धुतल्याशिवाय कोणी जवळ बसू नये, आणि सर्दी-खोकला असलेल्यांनी फोनवरूनच नमस्कार करावा असे आधीच कळवा. हे कळवण्याचे काम तुम्ही न करता तुमच्या यजमानांनी करावे. सुनेने सांगितले की त्याचा वेगळा अर्थ काढणारे लोक असतात.

तलावपाळी (ठाणे)

नेरूळच्या ताईंनी औषधांचे सर्व सांगितले आहे, म्हणून मी फक्त माझ्या अनुभवातले लिहिते. माझा उपचार संपून तीन वर्षे झाली. चार लाल डोस आणि १२ पॅक्लिटॅक्सेल, हेच माझेही होते.

केसांबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण सासूबाईंच्या मनात त्याचे पान भरलेले असेल. या औषधांत पहिल्या डोसनंतर दोन ते तीन आठवड्यांत केस जातात, आणि ते थोडे थोडे न जाता झुपक्यांनी जातात. त्याआधी डोक्याची त्वचा दुखते, उशीला टेकवत नाही; तेही मला कोणी सांगितले नव्हते. मी शेवटपर्यंत वेणी जपली आणि एके दिवशी नाहताना ती संपूर्ण गुंता होऊन हातात आली. तो दिवस मला टाळता आला असता. केस त्यांच्या संमतीने आधीच बारीक कापून घेतले, तर गळणे सोपे जाते. ते घरी करा, दार लावून, घरातल्याच बाईच्या हातून करा. माझे माझ्या जावेने केले आणि त्यानंतर आम्ही दोघी चहा प्यायलो. वस्तरा मात्र लावू नका, जखम होण्याची भीती असते. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात टोपासारखा विग डोक्यावर ठेवणे मला जमले नाही. जुन्या सुती साडीचे चौकोनी रुमाल शिवून घेतले आणि त्यावर पदर घेतला. भुवया आणि पापण्याही जातात, तेव्हा डोळ्यांत घाम आणि धूळ उतरते, म्हणून बाहेर जाताना चष्मा असू द्या. लाल औषध संपल्यावर, पॅक्लिटॅक्सेल चालू असतानाच, माझ्या डोक्यावर मऊ लव आली होती, आणि उपचार संपल्यावर चार महिन्यांत कंगवा फिरवण्याइतके केस झाले. ते आधी कुरळे आले, पुढे सरळ झाले.

अंबाडा आणि गजरा हा गौरींच्या दिवशीचा तुमच्या सासूबाईंचा शृंगार असेल, तर त्याची जागा रिकामी राहणार आहे. त्याबद्दल त्यांच्याशी आधीच बोला. हळदी-कुंकवाला बसलेल्या बायकांपैकी कोणीतरी डोक्याकडे पाहून हळहळणारच, आणि ती हळहळ केमोपेक्षा जड जाते. माझ्या आईने दारातच प्रत्येकीला सांगितले होते, "तिला आजाराचे काही विचारू नका, गौरींचे विचारा." त्याचा फार उपयोग झाला.

खाण्यात मला तिखट, आंबट, खरखरीत असे काहीच चालत नव्हते, आणि गरम अन्नाचा वास नको वाटे. म्हणून मी गार किंवा कोमट खाल्ले : भाताची पेज मीठ घालून, मुगाची मऊ खिचडी, घरच्या दह्याचे ताक, उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग मऊ भातात कुस्करून. तोंडात सतत लोखंड चघळल्यासारखी चव असे. स्टीलच्या चमच्याऐवजी लाकडी चमचा वापरल्यावर ती थोडी कमी जाणवली. तोंड आलेले नसेल, तेव्हा लिंबाचा थेंब आणि कोथिंबीर घातलेले मुगाचे कढण गोड लागे. तीन वेळचे ताट समोर ठेवू नका, ते पाहूनच छातीत धडधडते. दर दोन तासांनी एक वाटी पुरते.

थकव्याबद्दल सर्वजण "विश्रांती घ्या" म्हणतात. मी महिनाभर विश्रांती घेतली आणि अधिकच गळून गेले. नंतर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितले. सकाळी सहाला, गर्दी होण्याच्या आधी, तलावपाळीला यजमानांच्या सोबतीने सुरुवातीला अर्धीच फेरी होई, दर डोसनंतरच्या आठवड्यात तीही चुके, परंतु ज्या दिवशी चालले त्या दिवशी संध्याकाळी मी उठून बसू शकत होते. तुम्ही ऐरोलीत आहात, तर इमारतीच्या आवारात दहा मिनिटे पुरेत.

एक गोष्ट पुढच्यासाठी. पॅक्लिटॅक्सेल सुरू झाले की मळमळ बहुधा फारच कमी असते आणि सगळ्यांना वाटते की कठीण भाग संपला. पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून माझ्या बोटांच्या टोकांना मुंग्या येऊ लागल्या. ब्लाउजचे हूक लागेनात, मंगळसूत्राची फास सुटेना, भाजी चिरताना सुरी कुठे टेकली ते कळेना, आणि तळव्यांखाली सतत कापूस असल्यासारखे वाटे. मी हे नवव्या आठवड्यापर्यंत कोणाला सांगितले नाही, कारण मलाही तुमच्या सासूबाईंसारखेच वाटत होते. डॉक्टर म्हणाले, "आधी सांगितले असते, तर मात्रा आधीच बदलली असती." आज तीन वर्षांनंतरही माझ्या पायांच्या बोटांना पूर्ण जाणीव नाही. रांगोळी काढताना चिमटीतून रांगोळी सुटते आहे की नाही, हे मला डोळ्यांनी पाहावे लागते. म्हणून पॅक्लिटॅक्सेलच्या प्रत्येक आठवड्याला त्यांना स्वतःच्या हाताने बटण लावायला सांगा, आणि ते जमेनासे झाले की त्याच आठवड्यात डॉक्टरांना सांगा. काही ठिकाणी औषध चालू असताना हातापायांना गार मोजे घालतात; त्याबद्दलही विचारून ठेवा.

घणसोलीकर

आमच्या एका नातेवाइकांनी केमोच्या काळात रोज सकाळी गुळवेलीचा काढा आणि हळदीच्या गोळ्या घेतल्या, त्याने प्रतिकारशक्ती टिकते असे त्यांना सांगितले होते. शेवंतीताईंनी तोही विचार करावा, असे सुचवतो. वाईट काही होणार नाही, वनस्पतीच आहेत.

परिचारिका, आता निवृत्त (नेरूळ)

घणसोलीकर, तुमचा हेतू चांगला आहे हे मी जाणते, परंतु येथे मला असहमती नोंदवावीच लागेल. डॉक्सोरुबिसिन आणि पॅक्लिटॅक्सेल या दोन्ही औषधांची विल्हेवाट यकृत लावते. गुळवेलीच्या काढ्यानंतर यकृताला सूज आल्याचे रुग्ण मुंबईतील डॉक्टरांनीच २०२१ मध्ये वैद्यकीय नियतकालिकात नोंदवले आहेत. केमो चालू असताना यकृताच्या तपासणीचे आकडे वाढले, तर डॉक्टरांना डोस थांबवावा लागतो, आणि घरचा काढा त्यांना ठाऊक नसेल, तर ते कारण शोधत राहतात. भाजीत घातलेली हळद वेगळी आणि हळदीच्या अर्काच्या गोळ्या वेगळ्या. जे काही द्यायचे असेल, ते आधी डॉक्टरांना नाव घेऊन विचारावे. नुसते "आयुर्वेदिक चालेल का" असे विचारून भागत नाही.

वाशीकर

माझ्या पत्नीचे उपचार गेल्या वर्षी झाले. मी दोन-तीन व्यावहारिक गोष्टी लिहितो.

एका रात्री तिला १०१ ताप आला. जवळच्या एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आम्ही पोचलो. मी "ताप आहे" एवढेच सांगितले, आणि त्यांनी पावसाळ्यातल्या तापाच्या इतर रुग्णांबरोबर आम्हाला बसवले. पाऊण तासाने डॉक्टरांनी फाइल उघडली, आणि मग एकदम धावपळ सुरू झाली. पहिल्या वाक्यातच "केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला, ताप इतका आहे" असे सांगायला हवे होते, ही चूक माझी होती. तेव्हापासून मी हे वाक्य एका कार्डावर लिहून फाइलच्या वरच चिकटवले आहे. रात्री-अपरात्री कोणत्या रुग्णालयात जायचे आणि तेथे फोन कोण उचलते, हे आजच विचारून ठेवा. गणपतीच्या मिरवणुकांमुळे कोणता रस्ता बंद राहतो, तेही पाहून ठेवा.

दुसऱ्या आठवड्यात ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून रक्ततपासणीला नेऊ नका. आमच्याकडे तंत्रज्ञ घरी येऊन रक्त घेत असे. रक्त आणि रक्तदाब ज्या बाजूला आजार आहे त्या बाजूच्या हातावर नको, हेही प्रत्येक वेळी आपणच सांगावे लागते. काखेतील ग्रंथी काढल्यावर तर नक्कीच.

खर्चाची चिंता असेल, तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी समाविष्ट आहे. २०२३ च्या निर्णयानंतर संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे वर्षाला पाच लाख रुपये झाली आणि शिधापत्रिकेच्या रंगाची अट राहिली नाही. रुग्णालय योजनेत आहे का, हे तेथील आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या प्रतिनिधीला, विचारावे. उपचार सुरू झाल्यानंतरही विचारायला संकोच करू नये.

शेवंती (ऐरोली)

सर्वांना उत्तर द्यायला २१ दिवस लागले, त्याबद्दल क्षमस्व. काय झाले ते क्रमाने लिहिते.

दुसऱ्या डोसच्या आधी मी वहीत पहिल्या १८ दिवसांचे सर्व लिहून नेले. डॉक्टरांनी ती वही सासूबाईंच्या समोर वाचली आणि त्यांना विचारले, "आजी, हे सगळे झाले असताना फोनवर व्यवस्थित आहे असे का सांगितलेत?" सासूबाई काही वेळ गप्प राहिल्या आणि मग त्यांनी तोच प्रश्न त्यांना विचारला, औषध कमी करणार का म्हणून. डॉक्टरांचे उत्तर नेरूळच्या ताईंसारखेच होते. ओलान्झापिन अडीच मिलिग्रॅम रात्री घ्यायचे ठरले. या वेळी मळमळ दोन दिवस होती आणि उलटी एकदाच झाली. स्टेरॉइडच्या दिवसांपुरती मधुमेहाची औषधे बदलून दिली, त्यामुळे साखर २१० च्या वर गेली नाही.

केस मी आणि माझ्या नणंदेने कापले. सासूबाईंनी कापलेली वेणी एका कापडात बांधून कपाटात ठेवली आहे. गौरींच्या दिवशी त्यांनी आपल्या आईच्या जुन्या इरकल साडीचा रुमाल बांधला. तेरडा नणंदेने आणला, पाने आम्ही धुतली, मुखवटे मात्र सासूबाईंनीच बसवले. यजमानांनी सर्वांना आधीच फोन केले होते. एक-दोघांना वाईट वाटले, परंतु आले ते हात धुऊन, थोडा वेळ बसून गेले.

दहाव्या दिवशी, विसर्जनाची आरती झाल्यावर, सासूबाई मला स्वयंपाकघरात येऊन म्हणाल्या, "मला कसेसेच होते आहे, तो थर्मामीटर दे." ताप १००.६ होता. मी गोळी दिली नाही. आम्ही ३५ मिनिटांत रुग्णालयात पोचलो, आणि वाशीकर काकांचे वाक्य यजमानांनी दारातच सांगितले. न्यूट्रोफिल, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, फक्त ४०० निघाले. लगेच सलाइनमधून प्रतिजैविक सुरू झाले. चार दिवस तेथे राहावे लागले. संसर्ग कुठला ते सापडले नाही, पण ताप तिसऱ्या दिवशी उतरला.

तिसरा डोस परवा ठरल्या दिवशीच द्यायचा आहे, आणि या वेळी दुसऱ्या दिवशी पांढऱ्या पेशी वाढवणारे इंजेक्शन देणार आहेत. त्याने हाडे दुखतात असे ऐकले. त्या दुखण्यासाठी पॅरासिटामॉल द्यायची की नाही, असा आता प्रश्न पडला आहे, कारण तापाचे तुम्ही सांगितलेले माझ्या मनात पक्के बसले आहे.

परिचारिका, आता निवृत्त (नेरूळ)

त्यांनी स्वतः थर्मामीटर मागितला, हे वाचून मी ते वाक्य घरच्यांना वाचून दाखवले.

इंजेक्शन केमोच्या २४ तासांनंतर देतात. त्याने कंबर, मांड्या आणि छातीचे मधले हाड ठणकते, कारण हाडांच्या आत मज्जा जोराने पेशी तयार करत असते. पॅरासिटामॉल देता येते, मात्र प्रत्येक गोळीच्या आधी ताप मोजायचा आणि आकडा लिहायचा. १००.४ च्या खाली असेल, तर गोळी द्या; वर असेल, तर गोळी बाजूला ठेवून फोन करा. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या स्वतःहून देऊ नका, कारण केमोने प्लेटलेट कमी झालेल्या असू शकतात. इंजेक्शन दिल्यावरही सातव्या ते चौदाव्या दिवसांची काळजी तशीच घ्यायची. ते इंजेक्शन फ्रीजमध्ये ठेवावे लागते, फ्रीजरमध्ये नाही. घरी देणार असाल, तर औषधाच्या दुकानातून ते बर्फाच्या पिशवीत मागून घ्या.